चित्राला पुरावा लागत नाही

जे बोलता येत नाही ते कागदावर, भिंतीवर, कापडावर उतरवणाऱ्या बायका जगभर आहेत. त्यांच्या दुःखाचं त्या रेषांनी काय केलं?

'मन मोकळं कर, बरं वाटेल.' हे वाक्य आपण बायका एकमेकींना किती सहज सांगतो! नुकताच नवरा गेलेल्या शेजारणीला, पोट रिकामं होऊन दवाखान्यातून परतलेल्या भाचीला, माहेरी परत आलेल्या मैत्रिणीला. सांगणारीचा हेतू चांगलाच असतो. पण समोरची गप्पच राहते. काही दुःखं ओठांपर्यंत येतात आणि तिथेच अडकतात, त्याला ती बिचारी काय करणार?

आणि समजा, बोललीच ती, तर पुढे काय होतं? प्रश्न सुरू होतात. नक्की कधी झालं? आधी कोण काय बोललं? तू तिथे का गेलीस? मग लगेच का नाही सांगितलंस? पोलीस चौकीत हेच प्रश्न, वकिलाकडे हेच, आणि माहेरच्या ओटीवर आत्या-मामी जमल्या की तिथेही हेच! कायद्याला तारीख-वार लागतात, ते ठीकच आहे. पण मनाला बसलेला धक्का तारीखवार लावून ठेवलेला नसतो हो. त्यातला एखादा आवाज आठवतो, एखादा वास आठवतो, दाराची फट आठवते, आणि मधलं सगळं पुसलेलं असतं. मग सांगणारी अडखळते. ती अडखळली की ऐकणाऱ्याला वाटतं, ही काहीतरी लपवतेय.

मी आठवड्यातून दोन दिवस एका महिला समुपदेशन केंद्रात काम करते. तिथे एका कोपऱ्यात चटई, जुनी खेळणी आणि तेलखडूंचा डबा ठेवलेला असतो. आईबरोबर आलेल्या मुलांसाठी. एकदा एक बाई मुलाला मांडीवर झोपवून वाट बघत बसल्या होत्या. हाताशी खडू होता, पाठकोरा कागद होता. सहज म्हणून त्या रेघोट्या मारायला लागल्या. थोड्या वेळाने पाहिलं तर कागदावर एक दार होतं, आणि दारापेक्षाही मोठी एक कडी. कडी बाहेरच्या बाजूने होती. त्या कडीबद्दल तोवर त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या. आम्हीही काही विचारलं नाही. पुढच्या खेपेला त्यांनी स्वतःच विषय काढला. 'तो कागद आहे का हो?' म्हणाल्या, आणि कागदावर बोट ठेवून सांगायला लागल्या.

बोट ठेवायला काहीतरी समोर होतं, म्हणून सांगता आलं. एवढंच झालं होतं. पण ते 'एवढंच' फार मोठं होतं.

आधी हात, मग शब्द

आपल्याकडे म्हणतातच, जात्यावर बसलं की ओवी सुचते. या म्हणीत केवढं शहाणपण आहे! आधी ओवी सुचून मग कुणी दळायला बसत नसे. आधी हात खुंट्याला लागायचा, जातं घरघरायला लागायचं, आणि मग सासरचा जाच, भावाची आठवण, गेलेलं लेकरू, सगळं आपसूक बाहेर यायचं. समोर कुणी नसायचं. फार तर दुसरी जाऊ. आणि तिला सगळं आधीच माहीत असायचं!

जाती गेली. पिठाच्या गिरण्या आल्या, आता तर पीठ पिशवीतूनच येतं. कष्ट वाचले ते उत्तमच झालं. पण पहाटेच्या अंधारात स्वतःशी बोलायची ती जागाही गेली. रंग-रेषांचं काम काहीसं जात्यासारखंच आहे. हात गुंततो, नजर कागदावर राहते, कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. आणि जे निघायचं ते हळूच निघतं.

दुःख हातावाटे बाहेर काढणाऱ्या बायकांची उदाहरणं शोधायला लागलं तर ती आपल्या देशातच सापडतात. त्यातलं मला सगळ्यात जवळचं वाटतं ते बिहारमधल्या गंगादेवींचं.

गंगादेवींचं कोहबर

मिथिलेत लग्नघरात नवरा-नवरीच्या खोलीच्या भिंतीवर घरातल्या बायका चित्रं काढतात. त्या खोलीला म्हणतात 'कोहबर घर'. मधोमध कमळाची वर्तुळं, त्यातून वर जाणारा बांबू, भोवती मासे, कासवं, पोपट, चंद्र-सूर्य. वंश वाढो, घर भरो, अशी ती रंगांनी केलेली प्रार्थना. आपल्याकडे डहाणू-तलासरीकडे वारली लग्नात सवाशिणी देवचौक लिहितात, तसंच काहीसं.

गंगादेवी 1928 सालच्या. कायस्थ घरातल्या. आई-आजीकडून त्या ही चित्रं शिकल्या. रंग भरण्यापेक्षा बारीक रेघांनी चित्र विणत नेण्याची 'कचनी' पद्धत त्यांच्या हातात होती. लग्न झालं, पण संसार फुलला नाही. मूल नाही म्हणून नवऱ्याने दुसरी बायको केली आणि गंगादेवींना घर सोडावं लागलं. त्या काळात, त्या समाजात, अशा बाईची काय अवस्था झाली असेल हे वेगळं सांगायला नको.

1966-67 मध्ये बिहारात भीषण दुष्काळ पडला. तेव्हा अखिल भारतीय हस्तकला मंडळातर्फे पुपुल जयकर यांनी महाराष्ट्रातले चित्रकार भास्कर कुळकर्णी यांना मिथिलेत पाठवलं. भिंतीवरची चित्रं बायकांनी कागदावर काढावीत आणि विकून चार पैसे मिळवावेत, ही कल्पना. हेच भास्कर कुळकर्णी पुढे वारल्यांच्या पाड्यांवर गेले आणि जिव्या सोमा मशे यांची चित्रं त्यांनी जगापुढे आणली. तर असा हा कागद मिथिलेतल्या बायकांच्या हाती आला. पोटापाण्यासाठी आला, पण गंगादेवींसारखीच्या हाती पडल्यावर त्याचं नुसतं पोटापाण्याचं साधन उरलं नाही.

भिंतीवर काय काढायचं ते परंपरेने ठरलेलं असतं. कागदावर तसं बंधन नव्हतं. गंगादेवींनी 'मानव जीवन' ही चित्रमालिका काढली. तिच्यात बाईचं जगणं आहे. जन्म, संस्कार, लग्न, सगळं त्या बारीक रेषांत. ज्या संसाराने त्यांना बाहेर काढलं, तोच संसार त्यांनी बारकाव्यांसह कागदावर मांडला. 1984 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 1985 च्या भारत महोत्सवाच्या निमित्ताने त्या अमेरिकेला गेल्या आणि परत आल्यावर तिथला रोलर कोस्टरसुद्धा त्यांनी मिथिलेच्या रेषांत बसवला!

आणि मग कर्करोग झाला. उपचारांसाठी दिल्लीत राहावं लागलं. खेड्यातली बाई, अनोळखी शहर, मोठं रुग्णालय, यंत्रं, तपासण्या, डॉक्टर. तो सगळा अनुभव त्यांनी चित्रांतून मांडला. ती चित्रं 'कॅन्सर मालिका' म्हणून ओळखली जातात. मिथिलेच्या चित्रपरंपरेत हा विषय कुठून असणार? देवदेवता, लग्न, सण यांसाठी घडलेली रेषा त्यांनी स्वतःच्या आजाराकडे वळवली.

त्याच आजारपणात, किमोथेरपी चालू असताना, त्यांनी दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात एक अख्खं कोहबर घर रंगवलं. जिला 'मूल नाही' म्हणून टाकली, तिने वंशवृद्धीची ती कमळं आणि तो बांबू मरणाच्या दारात उभं राहून भिंतभर काढला. मला तर वाटतं, ज्या खोलीतून आपल्याला बाहेर काढलं, ती खोलीच त्यांनी पुन्हा स्वतःच्या हाताने उभी केली. 1991 मध्ये त्या गेल्या. पुढे 2015 मध्ये संग्रहालयाच्या नूतनीकरणात ते कोहबर घर पुसलं गेल्याच्या बातम्या आल्या, आणि कलेच्या जगात मोठी हळहळ व्यक्त झाली. ती योग्यच होती. पण काढणारीसाठी त्या चित्राने जे करायचं होतं, ते रंग भिंतीला लागले तेव्हाच करून झालं होतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ या. चित्रांनी गंगादेवींचा कर्करोग बरा केला नाही. नवराही परत आणला नाही. चित्र काढलं की दुःख पळून जातं, असं कुणी सांगितलं तर खुशाल हसावं. चित्र दुःखाला आपल्या बाहेर एक जागा देतं. जे छातीत होतं ते आता समोर असतं. त्याच्याकडे बघता येतं, ते उलटं करून ठेवता येतं, दार लावून खोलीबाहेर जाता येतं. आत होतं तेव्हा यातलं काहीच शक्य नव्हतं.

अठरा वर्षं लागलेलं काम

'पण किती दिवसांत बरं वाटेल?' हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. अशा वेळी मी केथे कोलविट्झची गोष्ट सांगते. ही जर्मन चित्रकर्ती 1867 मध्ये जन्मली. नवरा बर्लिनच्या गरीब वस्तीत डॉक्टर. 1914 मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि धाकटा मुलगा पीटर सैन्यात जायचं म्हणून हट्ट धरून बसला. वय जेमतेम अठरा, त्यामुळे वडिलांची परवानगी हवी. वडील तयार नव्हते. केथेने मध्यस्थी करून ती मिळवून दिली. ऑक्टोबर 1914 मध्ये पीटर बेल्जियममध्ये मारला गेला.

आईच्या मनाचं काय झालं असेल! दुःख तर होतंच, पण 'मीच पाठवलं' ही बोच त्याहून मोठी. ही बोच कुणाला सांगणार? सांगितली की लोक दोनच गोष्टी म्हणणार. एक तर 'छे छे, तुझी काय चूक?' नाहीतर 'मग पाठवलंसच कशाला?' दोन्हींनी काही हलत नाही.

केथेने पीटरसाठी स्मारक करायला घेतलं. सुरुवातीला त्यात खुद्द पीटरची आकृती होती. जमेना. 1919 मध्ये तिने ते काम सोडून दिलं. मधल्या काळात 'युद्ध' नावाची सात काष्ठचित्रांची मालिका केली, त्यात आया आहेत, विधवा आहेत, आपलं मूल अर्पण करणारी बाई आहे. मग पुन्हा त्या स्मारकाकडे वळली. अखेर 1932 मध्ये, तब्बल अठरा वर्षांनी, ते पूर्ण झालं. त्यात मुलगा नाहीच. आहेत ते फक्त गुडघे टेकून बसलेले आई आणि बाप, वेगवेगळ्या चौथऱ्यांवर. बापाच्या चेहऱ्यात तिच्या नवऱ्याचं रूप आहे, आईच्या चेहऱ्यात तिचं स्वतःचं. बाप ताठ, हात स्वतःभोवती आवळलेले. आई पुढे वाकलेली. बेल्जियममधल्या व्लाडस्लो इथल्या सैनिकी दफनभूमीत ती शिल्पं आज आहेत. पीटरची कबरही तिथेच आहे.

अठरा वर्षं मुलगा जेवढा जगला, तेवढाच काळ हे काम चाललं. आपल्याकडे मात्र तेराव्याला गोड जेवण झालं की चौदाव्या दिवशी बाईने 'सावरलेलं' असावं लागतं! केथेचं काम मधे थांबलं, बिघडलं, सोडून दिलं, पुन्हा धरलं. दुःखाची चाल अशीच असते. म्हणून कागद कोरा राहिला, चित्र जमलं नाही, महिनाभर खडूला हात लागला नाही, तरी काही हरकत नाही.

पोत्यावर शिवलेली साक्ष

आता कुणी म्हणेल, गंगादेवी काय, केथे काय, या मुळातल्याच कलाकार. आम्हाला साधी रांगोळीही धड येत नाही! तर मग दक्षिण अमेरिकेतल्या चिलीच्या बायकांकडे बघा. त्यांच्यातल्या बहुतेकजणी कलाकार नव्हत्या. गरीब वस्तीतल्या आया, बायका, बहिणी होत्या.

11 सप्टेंबर 1973 ला चिलीत लष्कराने सत्ता बळकावली. जनरल पिनोशेची राजवट 1990 पर्यंत चालली. त्या काळात तीन हजारांहून अधिक माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली. कुणाचा मुलगा सकाळी उचलून नेला, तो परत आलाच नाही. मेला म्हणून रडता येईना, जिवंत म्हणून वाट बघवेना. चौकशीला गेलं की कचेरीत उत्तर मिळे, असा माणूसच आमच्याकडे नाही.

सांतियागो शहरात चर्चच्या आश्रयाने या बायका एकत्र बसायला लागल्या. बटाट्या-पिठाची तागाची पोती आणि घरातल्या चिंध्या, एवढंच सामान. पोत्याच्या तुकड्यावर चिंध्यांची माणसं, घरं, डोंगर शिवून त्या चित्र करत. पोत्याच्या कापडाला तिथे 'अर्पियेरा' म्हणतात, तेच नाव या चित्रांना पडलं. कुणी दारात उभे राहिलेले पोलीस शिवले, कुणी जेवणाचं टेबल शिवलं आणि एक खुर्ची रिकामी ठेवली. कित्येकींनी बेपत्ता माणसाच्याच सदऱ्याचा तुकडा त्यात लावला. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. गेलेल्या आजीची नऊवारी गोधडीला लावून अंगावर घेणारे आपणच की!

शिवता शिवता बोलणं व्हायचं. आपल्यासारखं दुसरीचंही झालंय, हे कळायचं. ती चित्रं विकून घर चालायचं. ती गुपचूप परदेशी गेली आणि चिलीत काय चाललंय ते जगाला त्या चिंध्यांमधून दिसलं. सरकारने त्यांना देशाची बदनामी करणारी ठरवलं. सुईदोऱ्याची सरकारला भीती वाटावी, याहून मोठी पावती कोणती? ज्या बायकांकडे कचेरीत पुरावा मागितला जात होता, त्यांचं शिवणकामच शेवटी साक्ष झालं. पण शिवायला बसताना कुणी साक्ष द्यायला बसलं नव्हतं. आधी ते स्वतःसाठी होतं.

हे होतं तरी कसं?

'आर्ट थेरपी' हा शब्द 1942 मध्ये ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी रूढ केला. ते स्वतः क्षयाने आरोग्यधामात पडून होते, चित्रांनी त्यांना तगवलं, मग त्यांनी इतर रुग्णांना शिकवलं. आता तर हे रीतसर शास्त्र झालं आहे. 2016 मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 39 जणांना 45 मिनिटं चित्रं, कोलाज, मातीकाम असं काहीही करू दिलं. आधी आणि नंतर लाळेतलं 'कॉर्टिसॉल', म्हणजे ताणाबरोबर वाढणारं संप्रेरक, मोजलं. साधारण 75 टक्के लोकांमध्ये ते कमी झालं. चित्रकला येते की नाही याने त्यात फरक पडला नाही. अभ्यास छोटा आहे, त्यावरून फार मोठे दावे करू नयेत. पण 'मला येत नाही' ही आपली सबब मात्र त्याने काढून घेतली!

घरी करून बघायचं असेल तर साध्या गोष्टी पाळा. मुलांच्या वह्यांची उरलेली पानं आणि तेलखडू पुरेत. एकदम सगळ्यात वाईट प्रसंगाला हात घालू नका. आज मनाला कुठला रंग आहे, तिथून सुरू करा. वीस मिनिटं झाली की थांबा. हात धुवा, पाणी प्या, जरा गॅलरीत उभ्या राहा. चित्र सुंदर दिसलं पाहिजे असं नाही आणि कुणाला दाखवलं पाहिजे असंही नाही. घरात मारहाण, संशय, पाळत असेल तर असे कागद घरी ठेवूच नका. विश्वासाच्या मैत्रिणीकडे ठेवा, नाहीतर फाडून टाका. फाडलं तरी काढणं वाया जात नाही.

आणि घरच्यांसाठी एक विनंती. कुणी असं काही काढत बसलेली दिसली तर 'हे काय काढलंयस? काळाच रंग का?' असं विचारू नका. चित्रावरून मनाचं निदान करणं हे आपलं काम नाही. चहा ठेवा आणि बाजूला व्हा.

चित्र काढताना जुनं सगळं उसळून वर आलं, झोप उडाली, जीव नकोसा वाटायला लागला, तर मात्र खडू बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जायलाच हवं. सरकारची 'टेली मानस' ही हेल्पलाइन ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 हा तिचा क्रमांक. फोन मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. त्यात कमीपणा कसला?

दर संक्रांतीला आपण हळदीकुंकवाला वाण लुटतो. प्लास्टिकचे डबे, चमचे, गाळण्या. एखाद्या वर्षी चित्रकलेची वही आणि खडूंची पेटी लुटून बघायला काय हरकत आहे? आणि ते वाण घ्यायला, जिचा नवरा नाही, जिचं मूल गेलं, जी माहेरी परतली आहे, तिलाही आवर्जून बोलवा. तिला काही विचारू नका. नुसती पेटी हातात ठेवा.